ती कुठे गेली होती?



दर वेळी इथे एखादा पाठ, एखादी कृती नाहीतर शैक्षणिक साहित्य मांडते. आज टाचण नाही. आज एक जुनी गोष्ट सांगायची आहे.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळा सुटल्यावर आले. मुलाच्या प्रगतीबद्दल विचारतील असं वाटलं. ते बराच वेळ दारातच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, ह्याची मोठी बहीण बीडला कॉलेजात हाय. तिच्या मोबाइलवर एका पोराचे मेसेज सापडले. महिनाभर कॉलेजातबी नीट गेली नाय म्हणत्यात. काढून घ्यावी का तिला? तुम्ही सांगा."

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, आधी बसा." आणि जी गोष्ट त्यांना सांगितली, तीच तुम्हाला सांगते.

मी २००७ साली बारावी झाले आणि बीडच्या एका अध्यापक विद्यालयात डी.एड.ला नंबर लागला. त्या काळी आमच्याकडे डी.एड. म्हणजे नोकरी पक्की, असाच समज होता. आम्ही तीन मुली मिळून एक खोली घेतली. वातीचा स्टोव्ह, एक पत्र्याची पेटी आणि भिंतीला टांगलेल्या तीन पिशव्या, एवढाच संसार. त्यातली एक ती. नाव लिहीत नाही. ज्याच्याबद्दल पुढे येणार आहे त्या मुलाचंही नाव लिहीत नाही. ती म्हणजे ती, आणि तो म्हणजे तो. दोघांची जात एक होती की वेगळी, हेही मुद्दाम सांगत नाही. आपल्याकडे कॉलेजातलं प्रेम म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो, आणि मग बाकीचे प्रश्न विचारायचे राहूनच जातात.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना उभं करून ओळख करून द्यायला लावली. नाव, गाव, वडील काय करतात. माझे वडील शाळेत शिपाई, मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "शेती." तो म्हणाला, "वडील पुण्याला कंपनीत आहेत." वर्गातल्या चाळीसएक जणांनी ते ऐकलं. ती दोन उत्तरं पुढे दोन वर्षं त्या दोघांच्या मानगुटीवर बसली. एकदा सगळ्यांदेखत सांगितलेलं मागे कसं घ्यायचं?

प्रेम म्हणजे तरी काय होतं? त्याचा हात चित्रकलेत चांगला. तिचं अक्षर मोत्यासारखं. तो तिच्या सराव पाठाचे तक्ते रंगवायचा, ती त्याच्या तक्त्यांवर मथळे लिहायची. शनिवारी ती गावी निघाली की तो एसटी स्टँडवर यायचा आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत लांब उभा राहायचा. आम्ही सगळ्या चहा प्यायला गेलो की तो मात्र चहा घ्यायचा नाही. "मला पित्त होतं," म्हणायचा. आम्ही त्याला "पित्तवाले गुरुजी" म्हणून चिडवायचो. तीही हसायची.

आता थोडं आमच्या भागाबद्दल. आमचं शिरूर म्हणजे पुण्याजवळचं घोडनदीचं शिरूर नव्हे. हे सिंदफणेच्या काठचं शिरूर कासार. १९९९ साली तालुका झाला. पण दसरा झाला की इथल्या वाड्या-वस्त्या आजही रिकाम्या होतात. माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ती परत येतात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. इथल्या शिक्षकांना हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. या कामात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, ती जोडीला देतो. त्या पैशांत लग्नं होतात, दवाखाने होतात, पोरांच्या फिया भरल्या जातात. नंतर सगळा हंगाम ती उचल फेडत बसायचं. एक माणूस आजारी पडलं तर उरतो 'अर्धा कोयता'. पण उचल अर्धी होत नाही.

माझ्या घरी कोयता कधी नव्हता. म्हणून हे सगळं मला ऐकून माहीत होतं, कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला, २००८ च्या दिवाळीच्या सुट्टीला ती गेली आणि सुट्टी संपली तरी आली नाही. निरोप आला, कावीळ झालीय. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. तो रोज मला विचारायचा, "काही कळलं का?" संक्रांतीच्या सुमारास ती आली. काळवंडलेली, वाळलेली. कावीळ झालेलं माणूस असंच दिसत असणार, असं आम्हाला वाटलं. पण रात्री स्टोव्ह पेटवताना तिचे हात दिसले. तळव्याला घट्टे, बोटांवर चिरा, मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक ओरखडे.

तिसरी मुलगी झोपल्यावर तिने मला सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या मायची पिशवी काढली. डॉक्टरने जड उचलायचं नाही म्हणून सांगितलं. पण उचल तर घेतलेली होती. बाप पिणारा. मुकादम दारात येऊन बसला. मग मायच्या जागी ती गेली. पहाटे चारला फडात, थंडीत ओल्या पाचटात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. एक दिवस खाडा केला तर त्याचे पैसे वेगळे कापायचे. कोपीत रात्री बारीक दिव्याच्या उजेडात तिने बालमानसशास्त्राचं पुस्तक काढलं होतं म्हणे, पण डोळेच उघडे राहिनात. "आता मामी आलीय माझ्या जागी, म्हणून सुटले," असं म्हणाली.

मग तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कोणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. त्याला तर मुळीच नको. तो कंपनीतल्या माणसाचा पोरगा. त्याला काय कळणार?"

मी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी व्हॅसलिनची एक छोटी डबी तिच्या वहीवर ठेवली आणि म्हणाला, "थंडीनं हात फुटतात. लावत जा." खोलीवर आल्यावर ती ती डबी हातात घेऊन रडली. म्हणाली, "बघ, ह्याला थंडी वाटतीय."

पुढे फेब्रुवारीत परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली. तिची हजेरी कमी भरत होती. सरांनी कावीळ झाल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. ते कुठून आणणार? ती आज आणते, उद्या आणते करत राहिली. त्यातच तिची टाचण वही तपासताना सरांना एक चिठ्ठी सापडली. त्याचं अक्षर होतं. दोनच ओळी. तू खरं काय ते सांग, मग मीही माझं सांगेन, एवढाच त्यातला मजकूर.

सरांनी मला बोलावलं. चिठ्ठी समोर ठेवली. "दोन महिने ही कुठे होती? ह्या मुलासोबत का?"

बघा, सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्यासमोर दोन गोष्टी होत्या. मुलगी दोन महिने गैरहजर आहे आणि तिच्या वहीत मुलाची चिठ्ठी आहे. त्यांनी दोन आणि दोन जोडले आणि उत्तर 'प्रेम' आलं. मला खरं उत्तर माहीत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, "सर, ती ऊस तोडायला गेली होती, मायच्या जागी." एक वाक्य. मी म्हणाले, "मला माहीत नाही."

तिचा चुलता येऊन तिला घेऊन गेला. पत्र्याच्या पेटीतले तिचे कपडे मीच पिशवीत भरून दिले. फॉर्म भरलाच गेला नाही. मे महिन्यात तिचं लग्न झालं. तो वर्षाच्या शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. मीही त्याच्याशी बोलले नाही. मनात म्हटलं, ह्याच्यामुळेच झालं सगळं.

२०१० च्या सीईटीतून मी शिक्षणसेवक म्हणून लागले. तोही लागला, दुसऱ्या तालुक्यात. दहा वर्षं आमची गाठ पडली नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीचं प्रशिक्षण बीडला होतं, तिथे जेवणाच्या सुट्टीत तो समोर आला. आता आम्ही एकमेकांना सर आणि मॅडम म्हणतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, ती त्या वेळी कुठे गेली होती, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

इतक्या वर्षांनी मी शपथ मोडली. सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "मला माहीत होतं. हात बघूनच कळलं होतं. माझी आई बावीस वर्षं ऊस तोडत होती."

म्हणजे पुण्याची कंपनी नव्हतीच. त्याचे आई-वडील दोघंही फडात. त्याच्या डी.एड.ची फी उचलीतूनच भरलेली. पित्तही नव्हतं, चहाला पैसे नसायचे. आणि ती व्हॅसलिनची डबी? तो दर वर्षी पट्टा पडल्यावर आईसाठी तसलीच डबी न्यायचा. आईनेच त्याला बजावून सांगितलं होतं, "आम्ही कोयत्याला जातो म्हणून कॉलेजात सांगू नको. पोरं हसतील."

मी विचारलं, "मग तुम्ही तिला बोलला का नाहीत?"

"बोलायचं तर मला कसं कळलं, हेही सांगावं लागलं असतं," तो म्हणाला. "आधी तिने सांगावं म्हणून चिठ्ठी लिहिली. आधी मीच सांगायला पाहिजे होतं."

एकाचं पित्त, दुसरीची कावीळ. आजार दोघांनाही नव्हता. दोघं एकाच कामाच्या घरातून आलेले, आणि दोन वर्षं एकमेकांना आपण त्यातले नाही असं दाखवत राहिले. मधे मी होते, आणि मी गप्प होते.

त्याच वर्षी, २०१९ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांची माहिती घेतली गेली, त्यात तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. तो आकडा वाचताना मला एकच बाई दिसत होती, आणि तिच्या जागी फडात उभी राहिलेली तिची लेक. प्रत्येक घरातून मायच्या जागी मुलगी गेली असेल, असं मी म्हणत नाही. पण आईचं दुखणं लेकीच्या हजेरीपटावर कसं उमटतं, ते मी पाहिलेलं आहे.

आता तुम्ही विचाराल, ही कॉलेजातली गोष्ट प्राथमिकच्या बाई आम्हाला का सांगतात?

कारण लपवायला मूल कॉलेजात शिकत नाही. ते आमच्याकडे, पहिली ते चौथीतच शिकतं. दोन वर्षांपूर्वी मी चौथीला 'सुट्टीत मी काय केले' हा निबंध दिला. फडावरून नुकत्याच परतलेल्या एका मुलाने मामाच्या गावाची विहीर, आमराई, सगळं झकास लिहिलं. त्याच्या नखांत अजून उसाचा काळा चिकटा होता. मी त्याला खोटं का लिहिलंस असं विचारलं नाही. माझाच विषय चुकला होता. सुट्टी म्हणजे मामाचा गाव, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.

त्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. मोठ्या नाहीत, कोणालाही जमतील.

पहिली म्हणजे, वडील काय करतात हे मी वर्गात उभं करून विचारत नाही. रजिस्टरला माहिती लागते, ती पालकांकडून एकट्याने घेते.

दुसरी, ऊसतोड हा शब्द मी वर्गात उघड वापरते, जसा शेती, दुकान, नोकरी वापरतो तसा. गणितात घेते. एक मोळी वीस किलोची धरली तर एक टनाला किती मोळ्या? मुलं पन्नास म्हणतात. लगेच कोणीतरी मागून ओरडतं, "मॅडम, समद्या मोळ्या वीसच्या नसत्यात! माय बारकी बांधती." त्या दिवशी ते मूल वर्गात सगळ्यांत जाणकार असतं.

तिसरी, मूल बरेच दिवस आलं नाही आणि 'आजारी होतो' म्हणालं, तर मी ते मान्य करते आणि दोन दिवसांनी बाजूला घेऊन पुन्हा विचारते, "घरी सगळं बरंय ना?" पहिल्या वेळी उत्तर ठरलेलं असतं. खरं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येतं.

चौथी गोष्ट मुलांना शिकवते, आणि ती माझी स्वतःची चूक आहे. मैत्रिणीचं गुपित जपावं. पण गुपित जपल्याने तिचंच नुकसान होत असेल तर एका मोठ्या माणसाला सांगावं. ती चुगली नाही.

आज निदान सांगितल्यावर पुढे काय, याला थोडी उत्तरं आहेत. हंगामी वसतिगृह आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, ते घेऊन मूल फडाजवळच्या शाळेत बसू शकतं. २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली. अठराच्या आतल्या मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. पण हे सगळं उपयोगी पडायला आधी कोणीतरी खरं बोललं पाहिजे, आणि बोलण्यासारखं कोणीतरी समोर पाहिजे.

पालकहो, तुम्हाला हात जोडून एकच सांगते. "आम्ही काय काम करतो ते सांगू नको," असं लेकरांना शिकवू नका. तुम्ही मायेपोटीच सांगता, त्याच्या आईनेही मायेपोटीच सांगितलं होतं. पण लेकराला त्यातून एवढंच कळतं की आपलं घर लाजिरवाणं आहे. मग ते पुढे स्वतःचं दुखणंही तसंच लपवतं, तुमच्यापासूनसुद्धा. आणि चिठ्ठी सापडली, मेसेज सापडले, तर 'कोण आहे तो?' हा प्रश्न दुसरा विचारा. पहिला विचारा, 'तुझं बरं चाललंय ना?'

त्या दिवशी आलेल्या वडिलांना मी हेच सांगितलं. ते काही न बोलता गेले. आठ दिवसांनी पुन्हा आले. म्हणाले, "मॅडम, मेसचे पैसे थकले होते तिचे. आमची वढाताण बघून बोलली नाय. दिवसा एका दुकानात कामाला जात होती." मी विचारलं, "आणि तो मुलगा?" ते म्हणाले, "हाय. त्याचं बघू पुढं. आधी मेसचं बघितलं." मुलगी आजपर्यंत तरी कॉलेजात आहे.

राहिली ती. २०२२ साली तिने कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि फोन केला. मुलाचं शिक्षण हमी पत्रक कसं काढायचं, हे विचारायला. तेव्हापासून आमचं अधूनमधून बोलणं होतं. हा लेख टाकण्याआधी मी तिला फोनवर सगळा वाचून दाखवला, कारण गोष्ट तिची आहे. त्यालाही विचारलं, तो हो म्हणाला. व्हॅसलिनच्या डबीपाशी आले तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "शेळी सुटलीय बघ, ठेवते."

तासाभराने तिचाच फोन आला. "टाक तू. फक्त नाव घालू नको. आणि एक लिही."

"काय?"

"मला कावीळ झाली नव्हती, हे लिही."

लिहिलं गं.

तुमच्याही वर्गात, घरात अशी एखादी 'कावीळ' येऊन गेली असेल, तर जरूर कळवा. नाव न घालता.